जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर दिवा लागला: विझवण्याआधी काय काय बघायचं

सेकंडहँड गाडी घरी येऊन दोन-चार दिवस होतात न होतात तोच डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. बहुतेक जण गाडी तशीच गॅरेजात नेतात, मेकॅनिक स्कॅनर लावतो, कोड (गाडीच्या कंप्युटरने नोंदलेला दोषाचा क्रमांक) उडवतो, दिवा जातो. आठवड्याभरात तो परत येतो. मधल्या काळात दोष कोणत्या वेगाला, किती गरम इंजिनावर आला होता याची नोंद मात्र कायमची गेलेली असते.

नव्या गाडीत दिवा लागला की काय बिघडलं एवढंच शोधायचं असतं. जुन्या गाडीत हे कधीपासून बिघडलंय आणि आपल्या आधी यावर कोणाचा हात फिरलाय, हेही शोधावं लागतं. कित्येकदा दोषाचं उत्तर तिथेच सापडतं. म्हणून पुढचा क्रम मोडू नका. आधी गाडी चालवायची की नाही ते ठरवा, मग दिवे तपासा, मग कोड वाचून लिहून ठेवा, आणि पाना सगळ्यात शेवटी हातात घ्या.

लगेच थांबायचं ते कधी

लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हिरवा-निळा म्हणजे नुसती माहिती. ढोबळमानाने हे बरोबर आहे, पण लाल दिव्यांतही फरक आहे.

ऑइलच्या किटलीचा लाल दिवा चालत्या गाडीत लागला तर सुरक्षित जागा बघून इंजिन लगेच बंद करा. हा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही, ऑइलचा दाब पडल्याचं सांगतो. दाब नसताना इंजिन चालत राहिलं तर बेअरिंग मिनिटा-दोन मिनिटांत जाऊ शकतात. गाडी सपाट जागी पाच-दहा मिनिटं उभी ठेवा, डिपस्टिक पुसून परत बुडवा आणि बघा. बहुतेक गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. पातळी खालच्या खुणेच्याही खाली असेल तर ऑइल भरून परत चालू करून बघता येतं. पातळी बरोबर असूनही दिवा जात नसेल तर गाडी टो करून न्या. दोष कदाचित साध्या प्रेशर स्विचचाही असेल, पण ते ठरवायला स्विचच्या जागी यांत्रिक गेज लावून दाब मोजावा लागतो. स्विचच असेल असं धरून गाडी चालवत नेऊ नका. किटलीचा पिवळा दिवा ज्या गाड्यांत वेगळा असतो, तिथे तो पातळी कमी झाल्याचा असतो आणि त्यात एवढी घाई नसते.

तापमानाचा लाल दिवा लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात ठेवा, गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. हीटरमुळे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते, तेवढीच मदत. रेडिएटरचं किंवा टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. आत दाब असल्यामुळे कूलंट शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, झाकण सैल झालं की एकदम उसळून अंगावर येतं. निदान अर्धा-पाऊण तास थांबा.

बॅटरीच्या आकाराचा दिवा म्हणजे चार्जिंग बंद. गाडी बॅटरीवर थोडा वेळ चालेल, पण बॉनेट उघडून आधी पट्टा जागेवर आहे का बघा. कित्येक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो. पट्टा तुटला असेल तर पुढे तापमान चढणारच, तेव्हा तिथेच थांबा.

ब्रेकचा लाल दिवा लागला की आधी हँडब्रेक पूर्ण खाली आहे का बघा, मग ब्रेक ऑइलची टाकी. पातळी कमी दिसली म्हणून नुसतं वरून भरून मोकळं होऊ नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि टाकीतलं ऑइल तेवढं खाली उतरतं, त्यामुळे कमी पातळी ही बऱ्याचदा पॅड संपल्याची खूण असते. पॅडचं मटेरियल ३ मिलिमीटरच्या आसपास आलं असेल तर बदलायची वेळ झाली. पॅड जाड आहेत आणि तरी पातळी घटतेय, तर कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला ओलं आहे का बघा, आणि पायाखाली पेडल मऊ लागत असेल तर गाडी हलवू नका. ब्रेकचा लाल आणि एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा असे दोन्ही दिवे एकदम लागले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचं वाटप करणारी यंत्रणाही बंद पडलेली असू शकते. अशा वेळी जोरात ब्रेक मारला तर मागची चाकं आधी लॉक होतात.

पिवळ्यांत एकच अपवाद. चेक इंजिनचा दिवा स्थिर नसून लुकलुकत असेल तर तो लालच समजा. सिलिंडर मिस मारतोय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या पाइपातला धूर साफ करणारा डबा) जाऊन पेटतंय, असा त्याचा अर्थ. कन्व्हर्टरची आतली जाळी त्या उष्णतेने वितळते. पाय हलका करा, चढ टाळा, आणि जवळात जवळच्या सुरक्षित जागी थांबा.

चावी ऑन, इंजिन बंद: दिवे मोजा

या तपासणीला एक मिनिट लागतं आणि खरेदीआधीही ती करता येते, तरी फार थोडे लोक करतात. चावी ऑन करा, किंवा पुश बटन असेल तर ब्रेक न दाबता दोनदा बटन दाबा. इंजिन चालू करू नका. चेक इंजिन, ऑइल, बॅटरी, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे पेटले पाहिजेत. गाडी स्वतःचे दिवे तपासते ती हीच वेळ. एबीएस आणि एअरबॅगचे दिवे काही सेकंदांनी आपोआप विझतात. ऑइल आणि बॅटरीचे दिवे इंजिन चालू होईपर्यंत राहतात, बहुतेक गाड्यांत चेक इंजिनचाही.

फोनवर याचा व्हिडिओ काढा आणि सावकाश बघा. एखादा दिवा पेटलाच नाही, तर तो बिघडला आहे किंवा मुद्दाम मारला आहे. मीटर उघडून आतला एलईडी काढणं, त्यावर काळी टेप चिकटवणं, हे प्रकार होतात. त्याहून चलाख प्रकार म्हणजे एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या किंवा बॅटरीच्या दिव्याला जोडणं. चावी लावली की तो पेटतो, इंजिन चालू झालं की विझतो, आणि घेणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण खरा एअरबॅगचा दिवा इंजिन चालू न करताही चार ते सात सेकंदांत विझतो. तो ऑइलच्या दिव्याबरोबर नेमक्या त्याच क्षणी विझत असेल तर मीटर खोलून बघायला सांगा.

विक्रेत्याने गाडी दाखवण्याआधी बॅटरीची वायर काढून लावली असेल तर त्याचेही माग राहतात. घड्याळ चुकलेलं, ट्रिप मीटर शून्यावर, सरासरी ॲव्हरेजच्या जागी रेघा, रेडिओची स्टेशनं गेलेली, आणि एका दाबात पूर्ण खाली-वर होणारी काच मध्येच थांबणारी. यातली एखादी गोष्ट योगायोगाने होऊ शकते, पण तीन-चार एकत्र दिसल्या तर कोड नुकतेच पुसलेले आहेत असं धरून चाला.

कोड वाचा, उडवू नका

ड्रायव्हरच्या पायाजवळ, डॅशच्या खालच्या बाजूला सोळा पिनांचा सॉकेट असतो. हा ओबीडी-टू सॉकेट. अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि युरोपात २००१ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना तो सक्तीचा झाला, त्यामुळे त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत सापडतो. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर आणि फोनवरचं ॲप इंजिनाचे कोड वाचायला पुरतं. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग यांचे कोड मात्र साध्या ॲपला बहुधा दिसत नाहीत. त्यासाठी सगळी मॉड्यूल, म्हणजे गाडीतले वेगवेगळे छोटे कंप्युटर, वाचणारा स्कॅनर लागतो. गॅरेजात गेलात तर फक्त इंजिनचा नको, पूर्ण गाडीचा स्कॅन करून त्याची प्रिंट किंवा फोटो मागा.

अडॅप्टर लावला की सॉकेटमध्ये वीज येत नाही असं कधी कधी दिसतं. तेव्हा आधी फ्यूज बघा. बऱ्याच गाड्यांत हा सॉकेट आणि लायटरचा सॉकेट एकाच फ्यूजवर असतात, आणि तो आधीच्या मालकाच्या एखाद्या चार्जरने उडालेला असतो.

वाचताना चार गोष्टी लिहून घ्या. पहिली, पक्के कोड. दुसरी, पेंडिंग कोड: दोष एकदा दिसलाय पण दिवा लावण्याइतका पक्का झालेला नाही. बरेचसे दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच दिवा लागतो, म्हणून दिवा नसतानाही पेंडिंगमध्ये काहीतरी बसलेलं असू शकतं. तिसरी, फ्रीझ फ्रेम: दोष नोंदला गेला त्या क्षणी आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनावरचा लोड किती होता त्याचं चित्र. निदानाला सगळ्यात उपयोगी हेच, आणि कोड उडवला की पहिलं हेच जातं. चौथी, ओडोमीटरचा आकडा आणि तारीख. विक्रेत्याशी बोलायची वेळ आली तर हे कागद कामाला येतात. गाडी वॉरंटीत असेल किंवा व्यवहारात काही हमी दिली असेल तर आधी लेखी कळवा. स्वतः काही उघडलंत तर तुम्हीच बिघडवलं असं म्हणायला जागा मिळते.

कोडच्या पहिल्या अक्षरावरून विभाग कळतो: पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंग, बी म्हणजे बॉडी आणि एअरबॅग, यू म्हणजे मॉड्यूलांचं आपसातलं बोलणं. त्यानंतर शून्य असेल तर कोड बहुधा सगळ्या कंपन्यांना समान असतो. एक असेल तर कंपनीचा स्वतःचा, तो इंटरनेटवर शोधताना गाडीचं मॉडेल घालूनच शोधा.

दिवा नाही म्हणजे दोष नाही, असं नव्हे

ॲपमध्ये रेडिनेस मॉनिटर नावाचं एक पान असतं. इंजिनाचा कंप्युटर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, त्यांचे हीटर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा), पेट्रोलच्या वाफा यांची तपासणी आपापल्या वेळी करत असतो, आणि कोणती पूर्ण झाली ते इथे दिसतं. कोड पुसले की त्या सगळ्या तपासण्या परत ‘अपूर्ण’ होतात. म्हणजे विक्रेता म्हणतो गाडी रोज चालते, आणि पानावर चार-पाच तपासण्या अपूर्ण, तर कोड गेल्या काही दिवसांत पुसले गेलेत. किंवा बॅटरी बदलली असेल, तेव्हा बॅटरीवरची तारीख बघा.

याहून सरळ पुरावा त्याच ॲपच्या थेट आकड्यांत असतो, आणि तो फारसा कोणी उघडत नाही. ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ आणि ‘कोड पुसल्यापासून इंजिन किती वेळा गरम झालं’ हे दोन आकडे बहुतेक गाड्या देतात. ८० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीत पहिला आकडा २३ आणि दुसरा २ असेल, तर गाडी तुमच्याकडे येण्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते कळलं. दिवा आधीच लागलेला असेल तर ‘दिवा लागल्यापासूनचं अंतर’ बघा. तो आकडा तुम्ही चालवलेल्या अंतरापेक्षा मोठा असेल तर दोष तुमच्या आधीचा आहे.

आधी बॅटरी

एकाच वेळी तीन-चार दिवे लागले, त्यांचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही, तर मॉड्यूल बदलायच्या गप्पा सुरू होण्याआधी मल्टीमीटर काढा. विक्रीसाठी गाडी महिनोन्महिने उभी असते आणि बॅटरी अर्धमेली झालेली असते. व्होल्टेज पडलं की एबीएस, स्टिअरिंग, गिअरबॉक्स सगळेच तक्रार करू लागतात.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.७ दिसलं पाहिजे. नव्या गाड्यांतला स्मार्ट अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारं यंत्र) मुद्दाम कमी-जास्त करतो, तेव्हा हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून परत बघा.

आकडे ठीक असतील तर अर्थिंग तपासा. सेल्फ मारताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस पोलवर आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा. ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा फार जास्त दिसलं तर मधल्या जाड वायरीच्या टोकाला गंज आहे किंवा बोल्ट सैल आहे. घासून, घट्ट करून परत कोड वाचा. निम्मी यादी इथेच गळून पडते असं कित्येकदा होतं.

बॅटरी चांगली असूनही यू कोडांचा ढीग असेल तर दुसरी शंका घ्या: गाडी पाण्यात उभी होती का? सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा आणि आतल्या टोकाला मातीचा डाग, कुबट वास आहे का बघा. सीटच्या रुळांत वाळलेला गाळ, कार्पेटखालच्या कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) हिरवट बुरशीसारखा गंज, हे दिसलं तर दिवा हा त्या गाडीचा सगळ्यात लहान प्रश्न आहे. अशी गाडी परत करता येत असेल तर दुरुस्तीच्या भरीस पडू नका.

कोडमध्ये सुट्या भागाचं नाव नसतं

कोड लक्षण सांगतो, रोग सांगत नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या नावाचा कोड आला म्हणून सेन्सर बदलायचा, ही सगळ्यात महागडी सवय. जुन्या गाडीत तर पहिला प्रश्न असा विचारा: यात शेवटचं काम कुठे झालंय? चकचकीत बोल्ट, नवी क्लिप, नवा फिल्टर, वेगळ्या रंगाची टेप. दोष बऱ्याचदा त्याच्या हातभर अंतरात असतो.

पी०१७१, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. विक्रीआधी एअर फिल्टर बदलला जातो आणि त्या वेळी हवेच्या नळीची क्लिप सैल राहते, किंवा जुनी रबरी नळी घडीत चिरते. एअर फ्लो सेन्सरच्या पुढे आत शिरलेली हवा सेन्सरने मोजलेलीच नसते, म्हणून मिश्रण पातळ होतं. नळी हाताने वाकवून घड्या उघडून बघा, वरून चीर दिसत नाही. मग ॲपमध्ये फ्यूल ट्रिमचे, म्हणजे कंप्युटर पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय त्याचे, दोन आकडे बघा, शॉर्ट आणि लाँग. दोघांची बेरीज साधारण अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत हवी. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू, पाय उचललेला) अधिक २० आणि २५०० आरपीएमला ३-४ वर येत असेल तर हवेची गळती. आयडलला ठीक आणि वेग-लोड वाढला की चढत जात असेल तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा मळलेला एअर फ्लो सेन्सर. तेल लावलेला कापडी फिल्टर बसवलेला दिसला तर सेन्सरवर ते तेल चढलेलं असू शकतं. त्यासाठीचाच स्प्रे वापरा, तारेला बोट किंवा कापड लावू नका, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. इंजिन चालू ठेवून गळती शोधायला पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारणारे लोक दिसतात. गरम सायलेन्सरवर ते पेटतं. गॅरेजात धुराचं मशीन असेल तर ते लावायला सांगा.

पी०३०० म्हणजे वेगवेगळे सिलिंडर मिस मारतायत. पी०३०१ ते पी०३०४ मध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा. समजा पी०३०२ आहे आणि प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल आहे. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कारण ॲल्युमिनिअमच्या हेडमधून गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येऊ शकतात. दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा. कोड लिहून घेतलेला असल्यामुळे आता तो पुसायला हरकत नाही. गाडी चालवून बघा. कोड पी०३०३ झाला तर कॉइल गेली. दोनवरच राहिला तर तसंच प्लगचं करून बघा. प्लगही नसेल तर इंजेक्टर, आणि त्यानंतर कॉम्प्रेशन. कॉइल काढल्यावर तिच्या रबरी नळीवर केसासारखी बारीक राखाडी रेघ दिसते का बघा, ठिणगी तिथून बाहेर पळत असते. प्लगच्या विहिरीत ऑइल साचलेलं दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट बदलल्याशिवाय नवी कॉइल टाकू नका, तीही तशीच जाईल. प्लग बसवताना हाताने पूर्ण फिरवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कने घट्ट करा.

पी०१२८ निरुपद्रवी वाटतो: इंजिन वेळेत गरम होत नाही. साधं कारण म्हणजे उघडा अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत कूलंट अडवून धरणारी झडप) किंवा कमी झालेलं कूलंट. पण जुन्या गाडीत आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे थर्मोस्टॅट जागेवरच नसणं. गाडी तापायला लागली की तो काढून टाकायचा आणि विकून मोकळं व्हायचं, हा जुना उपाय आहे. म्हणून इथे नवा थर्मोस्टॅट टाकण्याआधी गाडी का तापत होती ते शोधा. थंड इंजिनावर झाकण उघडून कूलंट बघा. तपकिरी गढूळ असेल तर त्यात नुसतं पाणी घालून चालवलेलं आहे. त्यावर तेलाचा तवंग असेल, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर असेल, तर हेड गॅस्केटची तपासणी करा. फक्त कमी अंतराच्या फेऱ्या झाल्या तर थोडी साय ओलाव्यानेही जमते, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका. कूलंटमध्ये जळके वायू येतायत का हे दाखवणारं रसायन मिळतं. निळ्याचं पिवळं झालं तर शंका राहत नाही.

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम मंदावलंय. हा महागडा भाग, म्हणून फसवणूकही इथेच. गाडी चांगली गरम झाल्यावर २५०० आरपीएमवर दोन-तीन मिनिटं धरा आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज बघा. ते ०.६-०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहिलं तर कन्व्हर्टर काम करतोय, आणि दोष सायलेन्सरच्या गळतीत किंवा सेन्सरमध्ये शोधायचा. ०.१ ते ०.९ असं वरखाली उड्या मारत असेल तर कन्व्हर्टर संपला. तो का संपला हे मात्र आधी बघा. मिस मारणारं किंवा ऑइल जाळणारं इंजिन नवा कन्व्हर्टरही खाऊन टाकेल. आता गाडी लिफ्टवर असताना मागचा सेन्सर नीट बघा. तो पाइपात थेट बसलेला असतो. पाइप आणि सेन्सर यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटरची धातूची नळी असेल, सेन्सर जणू स्टुलावर उभा केल्यासारखा, तर कोणीतरी तो धुराच्या प्रवाहातून मुद्दाम बाहेर काढलाय. दिवा येऊ नये म्हणून केलेली ही युक्ती आहे. कन्व्हर्टर पूर्ण गार असताना त्यावर मूठ मारून बघा. खुळखुळला तर आतली जाळी फुटलीय, आणि रिकाम्या डब्यासारखा वाजला तर आत काहीच नाही.

पी०४४२, पी०४५५ हे पेट्रोलच्या वाफांच्या गळतीचे. आधी पेट्रोलचं झाकण. त्याचं रबर चिरलंय का बघा, कट्-कट् आवाज येईपर्यंत फिरवा. दिवा लगेच जाणार नाही, काही फेऱ्या लागतात.

डिझेल गाडीत धुराच्या फिल्टरचा दिवा आला तर आधीचा वापर समजून घ्या. रोज चार-पाच किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करायला तेवढा गरमच होत नाही. दिवा नुसता स्थिर असेल तर मोकळ्या रस्त्यावर ६० च्या वर, २००० आरपीएमपेक्षा जास्त ठेवून २०-२५ मिनिटं चालवा. सोबत चेक इंजिनही लागला असेल किंवा गाडीची ताकद कमी झाली असेल तर हा प्रयोग करू नका, स्कॅनरने फिल्टरमधली काजळी मोजून घ्या. आणि डिपस्टिक बघा: साफसफाई अर्धवट राहत गेली की डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि पातळी वरच्या खुणेच्याही वर जाते. तसं असेल तर ऑइल आधी बदला.

एबीएस आणि टायर

एबीएसचा दिवा म्हणजे बहुतेकदा एखाद्या चाकाचा स्पीड सेन्सर. थेट आकड्यांत चारही चाकांचे वेग लावा, शेजारी बसलेल्याला ते बघायला सांगा आणि २० च्या वेगाने सरळ चालवा. तीन चाकं २० दाखवतील आणि एक शून्यावर किंवा नाचत असेल, दोष त्या चाकात. सेन्सर बदलण्याआधी तिथला कपलर, वायर कुठे घासलीय का, आणि सेन्सरच्या टोकावर लोखंडी भुकटी चढलीय का ते बघा. त्याच चाकाचं बेअरिंग नुकतं बदललेलं असेल तर आणखी एक चूक संभवते. काही बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय कडं असतं, आणि ती बाजू बाहेरच्या दिशेने बसवली की सेन्सरला काहीच दिसत नाही. नव्या प्रकारच्या सेन्सरवर मीटर ओहमवर लावून तपासू नका, त्यातून काही कळत नाही आणि सेन्सर बिघडू शकतो.

टायरच्या दाबाचा दिवा स्थिर असेल तर थंड टायरमध्ये दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. टायरवर कोरलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तेवढी भरू नका. दिवा चावी लावल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर होत असेल तर सेन्सरच बोलत नाही. आतली बॅटरी ५ ते १० वर्षं टिकते, जुन्या गाडीत ती संपलेली असणं साहजिक आहे.

एअरबॅग: इथे हात लावायचा नाही

या दिव्याची दोन नेहमीची कारणं आहेत. पुढच्या सीटखालचा पिवळा कपलर सैल होणं, गाडी विक्रीसाठी धुताना सीट काढली असेल तर हमखास. आणि स्टिअरिंगमधली गुंडाळीसारखी पट्टी, म्हणजे क्लॉक स्प्रिंग, तुटणं. त्यात बऱ्याचदा हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटनंही सोबत बंद पडतात. दिवा लागलेला असताना अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच असं नाही. तरीही कपलर चाचपू नका, मीटर लावू नका. मीटरच्या पिनांतून जाणारा थोडासा प्रवाहही एअरबॅग उडवू शकतो. बॅटरी काढून, कंपनीने सांगितलेला वेळ थांबून मगच काम करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

दिवा नसतानाही एक गोष्ट बघून घ्या. अपघातात उघडलेल्या एअरबॅगच्या जागी दोन-तीन ओहमचा रेझिस्टर जोडून कंप्युटरला फसवतात, दिवा अगदी नियमाने पेटून विझतो आणि आत काहीही नसतं. डॅशबोर्डच्या पॅसेंजर बाजूचं कव्हर वेगळ्या छटेचं, कडेला नीट न बसणारं, किंवा त्यावरचा एअरबॅगचा ठसा गायब असेल तर शंका घ्या. सीटबेल्टच्या मुळाशी असलेल्या पट्टीवरची तारीख गाडीच्या वर्षाशी जुळते का तेही बघा. गाडीपेक्षा बरीच नवी असेल तर बेल्ट बदललाय, आणि बेल्ट उगाच कोणी बदलत नाही.

दुरुस्ती झाल्यावर

गॅरेजात जाताना स्वतःच्या नोंदी घेऊन जा आणि ‘दिवा घालवा’ असं सांगू नका, ‘या कोडचं कारण शोधा’ असं सांगा. कोणता भाग का बदलायचा, तो खराब आहे हे कशावरून ठरलं, एवढं विचारा. काढलेला भाग परत मागा.

काम झाल्यावर कोड पुसा आणि मग गाडीला स्वतःची तपासणी पूर्ण करू द्या. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाने सुरुवात करा, पेट्रोल टाकीच्या पाव ते पाऊण या दरम्यान ठेवा. दोन-तीन मिनिटं आयडल, मग पंधरा-वीस मिनिटं थांबत-चालत गर्दीतून, मग मोकळ्या रस्त्यावर ८०-९० च्या एकसारख्या वेगाने दहा मिनिटं, आणि शेवटी ब्रेक न लावता गिअरमध्येच वेग आपोआप कमी होऊ द्या. एका दिवसात सगळ्या तपासण्या पूर्ण होतीलच असं नाही, तीन-चार दिवस लागू शकतात.

दिवा न लागणं पुरेसं नाही. ॲप परत लावा. बिघडलेल्या भागाची तपासणी ‘पूर्ण’ दिसली पाहिजे आणि पेंडिंगमध्ये तो कोड नसला पाहिजे. तपासणी अपूर्ण असेपर्यंत गॅरेजचं काम पूर्ण झालं असं धरू नका, आणि पेंडिंगमध्ये तोच कोड परत दिसला तर दिवा लागायची वाट न बघता त्याच दिवशी गाडी परत न्या.